डमीची चादर उचलून बघ

अगं, स्किल लॅबमध्ये गेलीस की आधी डमीला नाव दे. शांताबाई म्हण, फातिमाबी म्हण, पण नाव हवं. हे खूळ माझं नाही. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुलींना शिकवायला माणसाएवढी बाहुली आली, मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंनी घडवलेली. तिला 'मिसेस चेस' म्हणत. नाव घेतलं की तोंड आपोआप उघडतं, "मावशी, जरा टोचेल हं, हात हलवू नका." लॅबमध्ये हे बोलताना हसू येतं. येऊ दे. इथे जे बोललीच नाहीस, ते नाइटला पहाटे तीन वाजता कुठून सुचणार?

"मॅम, हात धुतले असं समजा" हे तर कधीच म्हणायचं नाही. घड्याळ काढ, बेसिनपर्यंत जा, धू. ग्लोव्हज संपले असतील तर मागून घे. अर्धाच ट्रे मांडलास तरी डमी बिचारी काय बोलणार! पण हाताला तेच वळण लागतं.

रबरी हातावर इंट्राकॅथ घालताना नीट बघ. आधीच्या बॅचेसनी टोचून टोचून तिथे भोकांची रांग पडलेली असते. सुई आपसूक आत जाते, लाल पाणी दिसतं आणि आपल्याला जमलं असं वाटतं. म्हणून डोळे मिटून बोटाने व्हेन चाचप आणि जिथे भोकं नाहीत अशी जागा धर. जुलाबांनी सुकलेल्या आजीची व्हेन बोटाखालून सटकते, ते मात्र रबर शिकवणार नाही. त्याला वॉर्डच हवा.

सीपीआरला मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, हे पाठ असतंच. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे विसरतात. उंची कमी पडली तर स्टूल माग.

पीपीएचचा, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा, प्रसंग दिला की सगळ्यांच्या नजरा मॉनिटरवर. बीपी बरं दिसतं, कारण बाळंतिणीचं शरीर बराच वेळ तग धरतं. रक्त असतं चादरीखाली, कमरेशी साचलेलं. चादर उचल, कमरेखाली हात घालून बघ, मग पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की मऊ ते पाहा. मऊ लागलं तर चोळायला लाग आणि तिथूनच नाव घेऊन हाक मार, "सीमा, ऑक्सिटोसिन आण." "कुणीतरी आणा गं" म्हटलं की कुणीच हलत नाही. सीमानेही "ऑक्सिटोसिन आणते" असं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे तिने काय ऐकलं ते तुला कळतं.

नंतर मॅडम सगळ्यांना बसवून डीब्रीफिंग घेतात, तेव्हा निम्म्या मुलींचं लक्ष डब्याकडे. माझ्या मते खरं शिकणं तिथेच. २०१४ साली अमेरिकेत दहा नर्सिंग कॉलेजांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्लिनिकलचे निम्मे तास सिम्युलेशनला दिले तरी विद्यार्थी मागे पडले नव्हते. पण तिथल्या शिक्षकांना प्रसंग कसा घ्यायचा आणि नंतर चर्चा कशी करायची, याचं वेगळं प्रशिक्षण दिलेलं होतं. नुसती महागडी डमी आणून ते होत नाही. चर्चेत "पण मॅम, डमीची पल्सच लागत नव्हती" अशी सुरुवात करू नकोस. काय दिसलं, मनात काय आलं, कुठे अडलीस ते सांग. तुझी पाळी नसेल तेव्हा वही घेऊन बस आणि मदतीची पहिली हाक किती सेकंदांनी गेली ते टिपून ठेव. तो आकडा वाचून दाखवलास की चर्चा लगेच मुद्द्यावर येते.