दाखला पाहावा, पण कसा?



कामावर माणूस ठेवताना त्याच्यावर पोलीस केस आहे का, हे मालकाने पाहावे की नाही? आपल्यापैकी काहींची दुकाने आहेत, काहींच्या हाताखाली कामगार आहेत, आणि चारित्र्य प्रमाणपत्रासाठी ठाण्याच्या चकरा मारणारी मुलेही आपलीच आहेत.

पाहूच नये, असे मी म्हणणार नाही. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेल्याला शाळेच्या गाडीवर ठेवणे ही दया नव्हे. पण केस म्हणजे शिक्षा नव्हे. त्यातून आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. इथे ज्या बाटलीपायी केस होते, ती वर्धा नदीपलीकडे यवतमाळच्या बाजूला परवान्याच्या दुकानात उघड विकली जाते. (दारूची बाजू मी घेत नाही, तिने मोडलेली घरे आपण सारेच पाहतो.) पण अशा एका केसवरून पोरगा चोर कसा ठरतो?

दिल्ली पोलिसांच्या भरतीत एका तरुणाने मारामारीची जुनी केस अर्जात लिहिली नव्हती. ती तडजोडीने मिटून तो सुटलेला होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, पाव चोरला म्हणून जन्मभर चोर ठरलेल्या जाँ व्हालजाँची आठवण काढली. पुढे २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितले की उमेदवाराने माहिती खरी द्यावी, आणि नेमणाऱ्याने गुन्हा किरकोळ की गंभीर, पद कोणते, हे पाहून ठरवावे. खरे सांगितले म्हणजे नोकरी मिळालीच पाहिजे, असे मात्र नाही.

ॲरिस्टॉटल म्हणतो, शील वारंवार केलेल्या कृतींनी घडते. म्हणजे एका चोरीने माणूस कायमचा चोर होत नाही, तसा एका पश्चात्तापाने तो प्रामाणिकही होत नाही. ती सवय लागायला कोणीतरी रोज त्याच्या हाती काही सोपवावे लागते. काम नाकारले तर सवय लावायची कुठे? औंधच्या राजांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले ते याच विचाराने. पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन त्यात पुढे होते. तुरुंगाच्या भिंती नाहीत, कैद्याने शेती करायची आणि कुटुंबासह राहायचे. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तीच वसाहत आहे.

तेव्हा दुकानदारांनो, गुन्हा सिद्ध झाला होता का, किती वर्षे झाली, आपल्या कामाशी त्याचा काय संबंध, एवढे विचारा. अफरातफरीची शिक्षा भोगून आलेल्याला लगेच गल्ल्यावर बसवू नका. पण गोदामात किंवा शेतावर काम द्यायला काय हरकत आहे? आणि तरुणांनो, अर्जात विचारले असेल तर केस लपवू नका. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत कोर्टातून काढून जपून ठेवा आणि अर्जासोबत जोडा. अर्ज लिहिता येत नसेल तर मिस्सानंतर माझ्याकडे या, आपण बसून लिहू.