नगरांचा कारभार आणि सेन्सर : भोपाळचा धडा

नगरांच्या कारभारासंबंधी अलीकडे दोन शब्द वारंवार कानी पडतात : ‘सेन्सर’ आणि ‘बिग डेटा’. हवा, पाणी, वाहतूक यांची स्थिती आपोआप टिपून कळविणारे उपकरण म्हणजे सेन्सर; आणि अशा असंख्य उपकरणांकडून क्षणोक्षणी जमा होणारा माहितीचा प्रचंड साठा म्हणजे बिग डेटा. तहसील कचेरीतील पर्जन्यमापक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना नवखी वाटू नये. रोजच्या नोंदींवरून टंचाईचा अंदाज बांधणे, हेच या विद्येचे मूळ होय.

केंद्र शासनाच्या स्मार्ट शहर योजनेत जानेवारी २०१६ मध्ये निवडण्यात आलेल्या पहिल्या २० नगरांत भोपाळचा समावेश होता. २०१८ साली तेथे एकात्मिक नियंत्रण केंद्र सुरू झाले. भोपाळसह मध्य प्रदेशातील ७ नगरांच्या सेवांवर एकाच व्यवस्थेतून लक्ष ठेवता यावे, अशी त्याची योजना आहे.

परंतु उपकरण बसविले म्हणजे नगर सुरक्षित झाले, असे मानता येत नाही. याची साक्ष भोपाळइतकी अन्य कोणते नगर देणार? २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीवर दाबमापक होता. रात्री अकराच्या सुमारास त्याचा काटा २ वरून १० पौंडांवर गेलेला दिसला. तथापि, तेथील उपकरणांवर कामगारांचा भरवसा उरला नव्हता. त्यामुळे त्या सूचनेची तातडीने दखल घेतली गेली नाही. टाकी थंड राखणारी शीतयंत्रणा त्याच वर्षीच्या जूनपासून बंद होती. मध्यरात्रीनंतर विषारी वायू बाहेर पडू लागला. लोकांसाठी असलेला भोंगा वाजला, पण थोड्याच वेळात बंद करण्यात आला. कारखान्यासमोरील जयप्रकाश नगरासारख्या वस्त्या झोपेत होत्या. नाकातोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी गोष्टही त्यांना कोणी सांगितलेली नव्हती. मध्य प्रदेश शासनाच्या नोंदीनुसार या दुर्घटनेत ३,७८७ जण मृत्युमुखी पडले. हजारो लोक कायमचे जायबंदी झाले.

यावरून तीन गोष्टी ध्यानी घेणे अगत्याचे आहे. पहिली, उपकरणाची नियमित तपासणी व्हावी. कारण चुकीची नोंद देणारा मापक खऱ्या नोंदीवरचाही विश्वास घालवतो. दुसरी, धोक्याची सूचना मिळताच निर्णय कोणी घ्यावयाचा, हे आधीच ठरलेले असावे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, ती सूचना नागरिकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचावी आणि त्यांनी काय करावे हेही सोबत सांगावे.

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. आपल्या मंडळातील केंद्र कोठे आहे, ते चालू आहे किंवा नाही आणि त्याची नोंद कोणास मिळते, याची चौकशी ग्रामस्थांनी अवश्य करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ते दाखवावे. अधिकाऱ्यांनी अशा चौकशीस तत्परतेने उत्तर द्यावे. ज्या यंत्राविषयी लोक प्रश्न विचारतात, ते यंत्र सहसा बंद पडून राहत नाही.