प्रेरणा कशावर टिकते?
काझुओ इनामोरी यांच्या उद्योगजीवनाचा अभ्यास

उद्योग सुरू करण्याचे धैर्य अनेकांच्या अंगी असते. तोच उद्योग दहाव्या वर्षीही पहिल्या दिवसाच्या निष्ठेने चालवणे मात्र फार थोड्यांना साधते. आरंभी उद्घाटनाचे हार ताजे असतात, आप्तस्वकीयांचे कौतुक असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उधारी थकू लागते, बँकेचा हप्ता काही थांबत नाही आणि हाताशी तयार झालेला माणूस अधिक पगाराच्या नोकरीवर निघून जातो. ज्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या व्यापार चालत आला, तेथे अशा वेळी काका-मामा पाठीशी उभे राहतात. आपल्या समाजातील बहुसंख्य उद्योजक पहिल्या पिढीचे आहेत. त्यांच्या घरात यापूर्वी कोणी गल्ल्यावर बसलेले नाही. म्हणून उत्साह ओसरल्यावर पुढे काय, हा प्रश्न आपल्यासाठी कुतूहलापुरता मर्यादित राहत नाही. एका कुटुंबाची आयुष्यभराची बचत आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या धाकट्या मुलामुलींचे धाडस त्या उत्तरावर अवलंबून असते.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आम्ही जपानचे उद्योजक काझुओ इनामोरी (१९३२–२०२२) यांचे जीवन निवडले आहे. ‘क्योसेरा’ ही जगप्रसिद्ध सिरॅमिक कंपनी त्यांनी स्थापन केली, दूरसंचार क्षेत्रात दुसरी मोठी कंपनी उभारली, पासष्टाव्या वर्षी झेन परंपरेत दीक्षा घेतली आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बुडालेली विमान कंपनी चालवायला घेतली. अर्धशतकाहून अधिक काळ हा मनुष्य कामात राहिला. त्यांची प्रेरणा सर्वकाळ एकच नव्हती. ती टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि त्या बदलातच तिच्या टिकण्याचे कारण सापडते, असे आम्हाला वाटते.

१. आवड कामातून जन्मते

इनामोरी यांचा जन्म कागोशिमा येथे झाला. वडिलांचा छपाईचा लहानसा व्यवसाय होता, भावंडे सात. माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले. बालवयातच क्षयरोगाने त्यांना गाठले. युद्धकाळातील बॉम्बवर्षावात घर जळाले. कागोशिमा विद्यापीठातून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९५५ साली ते क्योतो येथील विद्युतरोधक तयार करणाऱ्या एका कारखान्यात रुजू झाले. तो कारखाना तोट्यात होता आणि पगार वेळेवर मिळत नसे. सोबतचे पदवीधर एकेक करून सोडून गेले. इनामोरी यांनीही दुसरीकडे जाण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि ते एकटे मागे राहिले.

येथे त्यांच्या जीवनातील पहिले वळण येते. जाण्याची वाट बंद झाल्यावर त्यांनी तक्रार करणे सोडले. स्वयंपाकाची भांडी प्रयोगशाळेत आणून ते तेथेच राहू लागले आणि रात्रंदिवस प्रयोगांत बुडाले. वर्षभरातच फॉर्स्टेराइट नावाचे नवे सिरॅमिक द्रव्य तयार करण्यात त्यांना यश आले आणि पुढे त्यापासून दूरचित्रवाणी संचाच्या चित्रनलिकेतील सुटे भाग बनू लागले.

आपण सामान्यतः असे मानतो की आधी आवड असावी, मग काम करावे. ‘मनासारखे काम मिळाले की मन लावून करीन’ असे अनेक तरुण म्हणतात. इनामोरी यांचा अनुभव याच्या उलट आहे. काम नावडते होते, जागा नावडती होती. मन लावून केल्यामुळे काम समजू लागले, समजू लागल्यामुळे लहानसे यश मिळाले आणि त्या यशाने आवड निर्माण केली. प्रेरणेची वाट पाहत बसलेल्या माणसाने हा क्रम नीट ध्यानात घेतला पाहिजे.

२. ‘माझे’ पासून ‘आपले’ पर्यंत

वरिष्ठांशी तांत्रिक प्रश्नावर मतभेद झाल्याने इनामोरी यांनी ती नोकरी सोडली आणि १९५९ साली ‘क्योतो सिरॅमिक’ या कंपनीची स्थापना झाली. हीच पुढे ‘क्योसेरा’ या नावाने ओळखली गेली. भांडवल ३० लाख येन, माणसे २८. स्वतःजवळ पैसा नव्हता. इचिए निशिएदा या ज्येष्ठ गृहस्थांनी स्वतःचे राहते घर तारण ठेवून कंपनीसाठी बँकेतून १ कोटी येनांचे कर्ज मिळवून दिले. या एका घटनेकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

प्रारंभी इनामोरी यांचा हेतू व्यक्तिगत होता. आपले तंत्रज्ञान जगासमोर यावे, ही संशोधकाची रास्त महत्त्वाकांक्षा त्यामागे होती. १९६१ साली तिला जबर धक्का बसला. आदल्या वर्षी नोकरीस लागलेले अकरा तरुण कामगार त्यांच्यासमोर आले आणि पगारवाढ व बोनस यांची भविष्यकाळासाठी हमी द्या, अन्यथा आम्ही सारे नोकरी सोडतो, असे म्हणाले. मागणीपत्रावर त्यांनी रक्ताची मुद्रा उमटवली होती. इनामोरी यांनी त्यांना आपल्या घरी नेले. तीन दिवस व तीन रात्री चर्चा चालली. पाळता येणार नाही असे वचन देण्यास त्यांनी नकार दिला; मात्र तुमच्या कल्याणासाठी मी जीव ओतीन, असा विश्वास दिला. अखेर सर्वजण राहिले.

तंटा मिटला, पण इनामोरी यांच्या मनाची तगमग थांबेना. स्वतःच्या आईवडिलांना व भावंडांना पुरेसे देता येत नसताना परक्यांच्या मुलांच्या आयुष्याची जबाबदारी आपण का घ्यावी, असा प्रश्न त्यांना छळू लागला. पुष्कळ विचारांती त्यांनी कंपनीचे ध्येयच बदलले. सर्व कर्मचाऱ्यांचे भौतिक व मानसिक सुख साधणे आणि त्यासोबत मानवसमाजाच्या प्रगतीला हातभार लावणे, हे नवे ध्येय ठरले.

हे दुसरे वळण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्वतःचे नाव व्हावे या इच्छेला मर्यादा असते: नाव झाले की ती शमते आणि अपयश आले की ती खचते. आपल्या श्रमावर अठ्ठावीस घरांच्या चुली अवलंबून आहेत, ही जाणीव मात्र उद्योजक थकला तरी विझत नाही. दुसऱ्याची चूल पेटती ठेवण्याचे काम रोज सकाळी नव्याने समोर उभे राहते.

हे ध्येय केवळ भिंतीवर टांगलेले राहू नये म्हणून त्यांनी व्यवहारात एक पद्धत आणली. कंपनीचे लहान लहान गट पाडले. त्यांना अमीबा असे नाव दिले, कारण गरजेनुसार ते आकार बदलत व विभागत. प्रत्येक गटाला आपले उत्पन्न, आपला खर्च आणि श्रमाच्या दर तासामागे निर्माण झालेले मूल्य कळत असे. ज्या कामगाराला हिशेब दिसतो, त्याला आपल्या हातून काय घडले हेही दिसते. मालकाने एकट्याने उत्साह बाळगायचा आणि इतरांनी पाट्या टाकायच्या, ही स्थिती त्यामुळे टळते.

३. हेतूची परीक्षा

जपानमधील दूरसंचार सेवेची मक्तेदारी १९८०च्या दशकाच्या मध्यास संपुष्टात आली. बलाढ्य मक्तेदाराशी स्पर्धा करण्यास मोठमोठ्या कंपन्या कचरत असताना इनामोरी यांनी १९८४ साली ‘डीडीआय’ या कंपनीचा पाया घातला. निर्णय घेण्यापूर्वी जवळजवळ सहा महिने ते रोज रात्री स्वतःला एकच प्रश्न विचारत: सामान्य ग्राहकाला दूरध्वनी स्वस्त मिळावा हा आपला हेतू खरोखर शुद्ध आहे, की त्यात कीर्तीची हाव दडलेली आहे? उत्तराची खात्री पटल्यावरच त्यांनी पाऊल उचलले. कंपनीचे समभाग घेण्याची संधी त्यांनी कर्मचाऱ्यांना दिली. आरंभी स्वतः एकही घेतला नाही. ही कंपनी २००० साली अन्य दोन कंपन्यांशी एकत्र होऊन ‘केडीडीआय’ झाली. १९८४ सालीच त्यांनी स्वतःच्या संपत्तीतून सुमारे २,००० कोटी येन देऊन इनामोरी प्रतिष्ठान स्थापले. विज्ञान, तंत्रज्ञान आणि कला यांसाठीचा क्योतो पुरस्कार त्याच्याच वतीने दिला जातो.

आपल्या विचारांचे सार इनामोरी एका सूत्रात मांडत. कार्याचे फळ म्हणजे दृष्टी, परिश्रम आणि क्षमता यांचा गुणाकार. क्षमता व परिश्रम यांना शून्य ते शंभर गुण देता येतात. दृष्टीला मात्र उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंत. हे सूत्र आपण विद्यार्थ्यांना फळ्यावर सोडवून दाखवावे. एकाची क्षमता ८० आणि परिश्रम ४० असतील, तर गुणाकार ३,२०० येतो. दुसऱ्याची क्षमता ५० असूनही परिश्रम ८० असतील, तर तो ४,००० येतो. साधारण बुद्धीचा विद्यार्थी हुशार विद्यार्थ्याच्या पुढे जाऊ शकतो, ही आशा येथे आहे. तसेच एक इशाराही आहे: दृष्टी उणे असेल, तर बुद्धी आणि कष्ट जितके मोठे, तितके नुकसानही मोठे.

४. वृद्धापकाळातील कसोटी

सप्टेंबर १९९७ मध्ये, पदावरून निवृत्त होऊन आणि पोटाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून उठून, इनामोरी यांनी क्योतोजवळील एन्पुकुजी या रिन्झाई झेन परंपरेच्या विहारात दीक्षा घेतली. तेथे कहाणी संपली असती तरी ते जीवन सफल म्हटले गेले असते. परंतु जानेवारी २०१०मध्ये जपान एअरलाइन्स ही कंपनी सुमारे २ लाख ३० हजार कोटी येनांच्या कर्जाखाली दिवाळखोरीत गेली आणि सरकारने इनामोरी यांना पाचारण केले. विमान व्यवसायाचा त्यांना अनुभव नव्हता. १ फेब्रुवारी रोजी त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले, तेही विनावेतन. त्यांनी तीन कारणे सांगितली: देशाच्या अर्थव्यवस्थेला बसणारा धक्का टाळणे, मागे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या वाचवणे आणि प्रवाशांसाठी स्पर्धा कायम ठेवणे.

त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना वर्गात बसवून नीती आणि नेतृत्व यांचे धडे दिले, प्रत्येक उड्डाणाचा जमाखर्च स्वतंत्रपणे दिसू लागला. मार्च २०१२ला संपलेल्या वर्षात कंपनीने सुमारे २० हजार कोटी येनांचा व्यावसायिक नफा मिळवला आणि सप्टेंबर २०१२मध्ये तिचे समभाग पुन्हा बाजारात आले.

अभ्यासकाने या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सरकारपुरस्कृत संस्थेने ३५ हजार कोटी येनांचे भांडवल ओतले होते आणि बँकांनी मोठी कर्जे माफ केली होती. सुमारे १६,००० नोकऱ्या कमी झाल्या. शेवटच्या टप्प्यात वैमानिक व विमानकर्मी मिळून १६५ जणांना सक्तीने काढण्यात आले. तो वाद न्यायालयापर्यंत गेला. कर्मचाऱ्यांच्या सुखाला ध्येय मानणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत हे घडले. शुद्ध हेतू असला म्हणजे कठोर निर्णयांची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही, असे नाही. कोणत्याही यशस्वी व्यक्तीचे चरित्र वाचताना पैसा कोठून आला आणि झळ कोणाला बसली, हे दोन प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत.

५. वीणेची तार

इनामोरी यांच्या परिश्रमाच्या आग्रहाबाबतही सावध राहणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेत झोपणारा संशोधक स्वतःच्या इच्छेने झोपतो. त्याच अपेक्षेचे ओझे कामगारावर लादले, तर ती पिळवणूक होते. तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला दिलेला उपदेश येथे आठवतो. सोण श्रीमंत घरचा, पूर्वायुष्यात वीणावादनात निपुण. भिक्खू झाल्यावर चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मन मुक्त होईना. तेव्हा घरी परतावे असे त्याला वाटू लागले. भगवंतांनी त्याला वीणेचीच आठवण करून दिली. फार ताणलेली तार वाजत नाही आणि सैल तारही वाजत नाही. सोण आळशी नव्हता. अति ताणामुळेच तो सोडून जाण्याच्या उंबरठ्यावर आला होता. व्यवसाय मध्येच सोडून देणाऱ्या अनेक कष्टाळू तरुणांची गत हीच असते. विश्रांती, कुटुंबाचा सहवास आणि आरोग्य यांना वेळ देणे हा प्रेरणा टिकवण्याच्या साधनेचाच भाग होय.

६. आपल्यासाठी बोध

आता निशिएदा यांच्या घराकडे वळू. सत्तावीस वर्षांच्या एका तरुणावर विश्वास ठेवून कोणीतरी आपले छप्पर पणाला लावले. इनामोरी यांच्या चिकाटीचे आपण कितीही गुणगान केले, तरी हे तारण नसते तर ती चिकाटी कदाचित दुसऱ्याच्या कारखान्यातच खर्ची पडली असती. विश्वास टाकणारा मनुष्य भेटला की त्याच्या विश्वासाला पात्र ठरण्याची धडपड हीच मोठी प्रेरणा होते.

आपल्या मुलांना प्रेरणादायी व्याख्याने पुष्कळ ऐकायला मिळतात; पहिली ऑर्डर, पहिला जामीनदार आणि पहिला प्रामाणिक सल्लागार मिळणे दुर्मीळ असते. घर तारण ठेवा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. परंतु शाळेचा माजी विद्यार्थी छपाई करीत असेल, तर लग्नपत्रिका त्याच्याकडे छापता येते. आपल्या माणसाच्या दुकानातून घेतलेल्या मालाचे पैसे उधार न ठेवता वेळेवर देता येतात. जो हिशेब व करभरणा जाणतो, त्याला महिन्यातून एक रविवार नवोदितांसाठी देता येतो. कल्याणमित्राचे कर्तव्य एवढ्या साध्या कृतींतून पार पडते.

अभ्यासमंडळात चर्चेसाठी काही प्रश्न देऊन आम्ही हा लेख पूर्ण करतो.

१) आपल्या उद्योगावर आज किती घरे अवलंबून आहेत? त्यांतील प्रत्येकाला धंद्याचा हिशेब कितपत ठाऊक आहे?
२) पुढचा मोठा निर्णय घेताना लोकहित आणि स्वतःची प्रतिष्ठा यांपैकी आपल्या मनात काय अधिक आहे?
३) आपली तार फार ताणली गेली आहे का, की सैल पडली आहे?
४) पालकांनी विचारावे: मुलाचा पहिला प्रयत्न फसला, तर घरात त्याला दुसऱ्यांदा उभे राहू देण्याची आपली तयारी आहे का?
५) आणि समाजबांधवांनी विचारावे: गेल्या वर्षभरात आपण कोणत्या नवउद्योजकाचे पहिले ग्राहक झालो?