सव्वीस दिवसांची कादंबरी

रशियाची त्या वेळची राजधानी सेंट पीटर्सबर्ग. १८६६ सालचा ऑक्टोबर महिना उजाडला होता. फ्योदर दोस्तोव्हस्की हा नामांकित कादंबरीकार मोठ्या विवंचनेत पडला होता. महिनाभरात एक संपूर्ण कादंबरी लिहून प्रकाशकाच्या हवाली करावयाची होती, आणि तिची एक ओळही अद्याप कागदावर उतरली नव्हती.

हा प्रसंग त्याच्यावर कसा ओढवला? १८६४ साली थोड्याच महिन्यांच्या अंतराने त्याची पत्नी आणि वडील बंधू ही दोघेही निवर्तली. बंधूच्या मासिकाचे कर्ज आणि त्याच्या उघड्या पडलेल्या कुटुंबाचा भार दोस्तोव्हस्कीने आपण होऊन शिरावर घेतला. धनकोंचा तगादा असह्य झाला, तेव्हा १८६५ साली त्याने स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी करार केला. त्यापोटी तीन हजार रूबल मिळाले. परंतु अट मोठी जाचक होती. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी न दिल्यास, पुढील नऊ वर्षे दोस्तोव्हस्की जे जे लिहील ते ते काहीही मोबदला न देता छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता.

मुदत दूर असली की माणसाला ती दिसेनाशी होते. त्यातून दोस्तोव्हस्कीला उसंत अशी नव्हतीच. त्याची 'गुन्हा आणि शिक्षा' ही कादंबरी त्याच वर्षी एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती व तिची प्रकरणे वेळेवर पाठवावी लागत होती. अधूनमधून अपस्माराचा झटका येई. दारी धनको, घरी आप्तांच्या अडचणी! असे करता करता सप्टेंबर सरला.

त्याची ही अवस्था पाहून मित्रांना कळवळा आला. "कथानक सांग. आम्ही एकेक प्रकरण लिहून काढतो," असे ते म्हणाले. संकटातून सुटण्याची ही सोपी वाट होती. परंतु दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली आपले नाव घालण्यास दोस्तोव्हस्कीने साफ नकार दिला. तेव्हा एका मित्राने लघुलेखकाचे साहाय्य घेण्याची तोड सुचविली. लघुलेखनाची कला त्या काळी रशियात नवीनच होती. ती शिकविणाऱ्या एका शिक्षकाने आपली सर्वांत हुशार विद्यार्थिनी या कामासाठी निवडली. तिचे नाव अ‍ॅना. वय अवघे वीस वर्षांचे!

४ ऑक्टोबर रोजी अ‍ॅना प्रथम आली. दोस्तोव्हस्कीने परीक्षेसाठी एक उतारा इतक्या भरभर वाचून दाखविला, की तिला "जरा सावकाश" असे सांगावे लागले. मजकूर उतरवून काढताना एक पूर्णविराम राहिला, तेवढ्यावरून तो चिडला. तरीही त्याच सायंकाळी 'जुगारी' या कादंबरीचा प्रारंभ झाला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅना यायला थोडा उशीर झाला, तर तो अगदी कासावीस होऊन गेला. तिचा पत्ताही त्याने विचारून ठेवला नव्हता!

पुढे मात्र कामाला शिस्त लागली. रात्री दोस्तोव्हस्की मजकुराची जुळवाजुळव करी. दुपारी बारा ते चार या वेळात, मध्ये थोडी विश्रांती घेत, तो तोंडी मजकूर सांगे व अ‍ॅना तो टिपून घेई. घरी गेल्यावर ती त्याची सुवाच्य प्रत काढी आणि दुसऱ्या दिवशी ती प्रत त्याच्यापुढे ठेवी. "काल किती पाने झाली? वेळेवर पुरे होईल ना?" असे तो पुनःपुन्हा विचारी. पानांची चळत वाढत चालली, तसतसा त्याला धीर येऊ लागला.

या दिवसांत घरच्या अडचणी काही संपल्या नव्हत्या. एके दिवशी भोजनगृहातील शोभेची चिनी फुलपात्रे दिसेनाशी झाली. ती गहाण पडली होती. मग चांदीचे चमचेही गेले आणि दोस्तोव्हस्की लाकडी चमच्याने जेवू लागला. परंतु चमचे गेले म्हणून त्या दिवसाचे लेखन थांबले नाही. बारा वाजले की लघुलेखिका कागद पुढे घेऊन बसे, आणि तो बोलू लागे.

२९ ऑक्टोबर रोजी अखेरचा मजकूर सांगून झाला. सव्वीस दिवसांत कादंबरी सिद्ध झाली! परंतु एक विघ्न अद्याप उरलेच होते. १ नोव्हेंबरला दोस्तोव्हस्की हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे गेला, तो प्रकाशक परगावी गेल्याचे कळले. त्याच्या कचेरीतील व्यवस्थापकानेही हस्तलिखित स्वीकारले नाही. सुदैवाने अशा प्रसंगी काय करावे याचा कायदेशीर सल्ला अ‍ॅनाच्या आईने आधीच घेऊन ठेवला होता. त्यानुसार हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून रीतसर पावती घेण्यात आली. तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. मुदत संपण्यास केवळ दोन तास उरले होते!

पुढे १८६७ च्या फेब्रुवारीत अ‍ॅना आणि दोस्तोव्हस्की यांचा विवाह झाला. काही वर्षांनी तिने पतीच्या पुस्तकांच्या प्रकाशनाचे काम स्वतःच हाती घेतले. कर्जाची फेड व्हावयास मात्र अनेक वर्षे लागली.

सप्टेंबरमधील अडचणी ऑक्टोबरमध्येही तशाच होत्या. धनको तेच, दुखणे तेच, दारिद्र्यही तेच. बदलली होती ती केवळ दिनचर्या. दिवसातील चार तास ठरले, ते कोणत्याही कारणासाठी मोडावयाचे नाहीत असा नेम झाला, आणि रोज कामाची वाट पाहणारे एक माणूस सोबतीला आले. सगळ्या अडचणी दूर झाल्यावर कामाला लागू असे म्हणणाऱ्याचा तो दिवस कधीच उगवत नाही. अडचणींच्या गर्दीतच कामासाठी थोडी जागा राखावी लागते, आणि राखलेली ती जागा रोज सांभाळावी लागते.