वैद्यकशाळेला बाग कशाला हवी?



२०२० साली दोन नामांकित वैद्यकशाळांच्या आयुष्यातील मोठे टप्पे पूर्ण झाले. फ्रान्समधील माँपेल्ये येथील वैद्यकशाळेला ८०० वर्षे झाली आणि आपल्या मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाला १७५. अशा प्रसंगी संस्थेचा इतिहास सांगितला जातो, जुनी उपकरणे आणि ग्रंथ लोकांना पाहावयास मांडले जातात, नामवंत विद्यार्थ्यांची आठवण निघते. पण हा इतिहास वाचू लागले की एक गोष्ट वारंवार पुढे येते. जुन्या वैद्यकशाळेचे नाव निघाले की तिच्या पाठोपाठ एका बागेचेही नाव निघते. माँपेल्येची वनस्पतीबाग १५९३ सालची. इटलीतील पादुआ विद्यापीठाची बाग त्याहून जुनी, १५४५ सालची. ती आजही मूळ जागीच आहे. १९९७ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

रोगी रुग्णालयात, औषध बाटलीत. मग डॉक्टर होणाऱ्या मुलांना बाग कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक गंभीर आहे आणि त्यात पदार्थविज्ञानाचाही थोडा भाग आहे.

मुंबईची जोडी

ग्रँट महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्याच महाविद्यालयात डॉ. जॉर्ज बर्डवुड नावाचे प्राध्यापक वनस्पतिशास्त्र आणि औषधिद्रव्यांचा विषय शिकवीत. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातील वस्तुसंग्रहालय उभे राहण्यात या दोघांचाही वाटा होता. बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली, संग्रहालयाची इमारत १८७२ साली. आज ही बाग वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते. संग्रहालयाला १९७५ पासून भाऊ दाजींचे नाव आहे. बाग महाविद्यालयाच्या मालकीची नव्हती हे खरे, पण वैद्यक शिकविणारे आणि शिकलेले हात तिच्यामागे होते. मुंबई महानगरपालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन तेथे भरते तेव्हा हजारो लोक ती पाहतात. आपणही कधी गेलात तर प्राण्यांचे पिंजरे पाहून परतू नका. झाडांवरच्या पाट्या वाचा. त्या पाट्यांचे मोल काय, हेच आता पाहावयाचे आहे.

बी एक, झाडे दोन

भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर जे उपचार करून पाहिले, त्यांत कडू कवठाच्या बियांच्या तेलाचा उपयोग होता. कडू कवठ हा पश्चिम घाटातील ओढ्यांच्या काठी वाढणारा सदाहरित वृक्ष. त्याच्या वंशाचे शास्त्रीय नाव हिड्नोकार्पस. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर सांगितलेला, पश्चिम समुद्राच्या बाजूस होणारा ‘तुवरक’ तो हाच, असे मानतात.

बंगाल, आसाम आणि ब्रह्मदेशाकडे याच रोगावर ‘चौलमुग्रा’ नावाच्या बियांचे तेल वापरीत. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. माउअट यांनी १८५४ साली त्यावर लेख लिहिला आणि हे तेल युरोपातील डॉक्टरांच्याही हाती गेले. पण चौलमुग्राचे झाड कोणते? १८१४ साली कलकत्त्याच्या वनस्पतीबागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षाशी हे नाव जोडले होते. तोच वृक्ष पुढे गायनोकार्डिया ओडोराटा या नावाने ओळखला जाऊ लागला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने दिलेले नाव. औषधांच्या ग्रंथांत ते तसेच उतरत गेले.

बाजारात मात्र झाड येत नाही, सुकलेली बी येते. १९०१ साली त्याच बागेचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी दाखवून दिले की, बाजारातील औषधी चौलमुग्रा बी गायनोकार्डियाची नाहीच. ती एका निराळ्या वृक्षाची आहे. त्याला आज हिड्नोकार्पस कुर्झी म्हणतात, म्हणजे तो आपल्या कडू कवठाचाच भाऊबंद. पाऊणशेहून अधिक वर्षे जग एका झाडाचे औषध दुसऱ्या झाडाच्या नावाने ओळखत होते! चूक बागेत झाली आणि दुरुस्तीही त्याच बागेतून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. समजा, एखाद्याने ग्रंथ प्रमाण मानून जंगलातून गायनोकार्डियाच्याच बिया आणल्या, तर रोग्याला जे तेल मिळेल त्यात औषधी द्रव्यच नसेल. शिवाय गायनोकार्डियाच्या बियांत असे एक द्रव्य असते, की ज्याचे विघटन झाले असता विषारी हायड्रोजन सायनाइड सुटते.

प्रकाशाची साक्ष

आता आपल्या विषयाकडे वळू. दोन्ही तेले बाटलीत भरून समोर ठेवली, पान-फूल काहीच नाही. तर ती ओळखावयाची कशी?

प्रकाश ही तरंगगती आहे आणि तिची कंपने प्रकाशाच्या जाण्याच्या दिशेशी काटकोनात असतात. साध्या प्रकाशात ती सर्व बाजूंना होतात. पोलरॉइडच्या तुकड्यातून प्रकाश गेला की एकाच प्रतलातील कंपने शिल्लक राहतात. अशा प्रकाशाला ध्रुवित प्रकाश म्हणतात. पुढे दुसरा पोलरॉइड काटकोनात धरला तर प्रकाश अडतो आणि अंधार होतो.

१८१५ साली बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाला आढळले की, टर्पेंटाइनसारखे काही द्रव ध्रुवित प्रकाशाचे कंपनप्रतल फिरवितात. साखरेचे पाणीही फिरविते. किती फिरविते ते दोन गोष्टींवर अवलंबून असते: प्रकाशाने द्रवातून काटलेले अंतर आणि द्रवातील पदार्थाचे प्रमाण. दोन्हींच्या सम प्रमाणात हा कोन वाढतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात, १० सेंटिमीटर लांबीच्या नळीत, दर मिलिलिटरला १ ग्रॅम या प्रमाणासाठी जो कोन येतो त्याला विशिष्ट वलन म्हणतात. साखरेसाठी ते सुमारे ६६.५ अंश आहे. म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात ५० ग्रॅम साखर असेल आणि नळी १० सेंटिमीटरची असेल, तर वलन ६६.५ × ०.५, म्हणजे सुमारे ३३ अंश होईल.

हे का घडते? कार्बनच्या अणूला चार हात असतात. चारही हातांना चार निरनिराळे गट जोडलेले असतील, तर त्या रेणूची आरशातील प्रतिमा त्याच्याशी जुळत नाही. डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला बसत नाही, तसेच. अशा रेणूंची एकच बाजू द्रवात अधिक असली म्हणजे तो द्रव प्रतल फिरवितो.

१९०४ साली लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या चौलमुग्रा तेलातून चौलमुग्रिक आम्ल वेगळे काढले. शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलातील आम्लांत कार्बनची सरळ साखळी असते. या आम्लात मात्र साखळीच्या टोकाला पाच कार्बन अणूंचे कडे असते आणि साखळी जेथे कड्याला जुळते तो अणू वर सांगितल्याप्रमाणे चार निरनिराळ्या गटांचा असतो. त्यामुळे चौलमुग्रा तेलाचे विशिष्ट वलन ५० अंशांहून अधिक भरते. गायनोकार्डियाचे तेल तपासले, तर त्याने प्रतल मुळीच फिरविले नाही! जे बी पाहून कळत नव्हते ते प्रकाशाने सांगितले.

नाव चुकले की काय होते

१९१० साली जर्मनीतील आल्टोना गावी वनस्पती-चरबीपासून केलेले लोण्यासारखे एक खाद्य खाऊन अनेक लोक आजारी पडले. त्यात ‘वेलदोड्याचे तेल’ म्हणून बाजारात आलेली एक परदेशी चरबी मिसळली होती. तपासाअंती कळले की, ती हिड्नोकार्पसच्या बियांची चरबी होती. या झाडाला मलयाळम भाषेत ‘मरोट्टी’ म्हणतात. केरळातील कोणाही वैद्याने ते झाड पाहताच ‘हे खाण्याचे नव्हे’ असे सांगितले असते. पण पिंपावरच्या चिठ्ठीला झाड दिसत नाही.

तेलाची पुढची हकीकत थोडक्यात अशी. ते पोटात घेतले की मळमळ होई आणि सुईने टोचले तर अंगात नीट मिसळत नसे. १९१५-१६ च्या सुमारास हवाई येथे ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्यातील आम्लांपासून सुईने देता येईल असे औषध तयार करण्याची रीत शोधली. ती १९१६ साली अवघ्या २४ व्या वर्षी वारली. १९४० नंतर सल्फोन गटातील औषधे आली आणि तेल मागे पडले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. आज कुष्ठरोग या औषधांनी पूर्ण बरा होतो. तेव्हा कडू कवठाचे तेल कोणी घरी वापरून पाहू नये, हे सांगणे नलगे.

आपल्या बांधावर

मुंबई दूर राहिली. उमापूरसारख्या आपल्या बीड जिल्ह्यातील गावी राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा धडा गिरविता येईल. कडुनिंब सर्वांना ठाऊक आहे. बकाण निंबही रस्त्याकडेला लावलेला आढळतो. लांबून दोन्ही सारखेच वाटतात. पण कडुनिंबाच्या पानाच्या मधल्या दांडीवरच दोन्ही बाजूंना पर्णिका येतात. बकाणात त्या दांडीला फांद्या फुटून त्यांवर पर्णिका येतात. कडुनिंबाची फुले पांढरी, बकाणाची जांभळट. कडुनिंबाची पिकलेली निंबोळी पोरे चोखतात. बकाणाची फळे विषारी आहेत. एवढा फरक दाखविण्यासाठी पुस्तकातील चित्रापेक्षा दोन जिवंत फांद्या उपयोगी पडतात. वैद्यकशाळेला बाग हवी ती याचसाठी.

शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. शाळेच्या वार्षिक दिवशी गावकऱ्यांना बोलावून आवारातील झाडांची ओळख करून द्यावी. प्रत्येक झाडाला गावातील नाव आणि शास्त्रीय नाव अशी पाटी असावी. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी प्रत्येक पाटी पान, फूल व फळ यांच्याशी ताडून पाहावी आणि चुकलेली बदलावी. रॉक्सबर्ग यांची पाटी बदलण्यास ८७ वर्षे लागली. आपली पुढच्या वर्षीपर्यंत तरी टिकू देऊ नये.

करून पाहा

१. प्रयोगशाळेतील दोन पोलरॉइड एकमेकांशी काटकोनात ठेवून अंधार करा. मध्ये सरळ बाजूंच्या काचपात्रात साखरेचा दाट पाक ठेवा. प्रकाश पुन्हा दिसेल. दुसरा पोलरॉइड हळूहळू फिरवा; रंग बदलत जातील. निरनिराळ्या रंगांचे वलन निरनिराळे असते, जांभळ्याचे सर्वांत अधिक आणि तांबड्याचे सर्वांत कमी, म्हणून असे होते.

२. पाकाऐवजी नुसते पाणी आणि मग करडईचे तेल ठेवून पाहा. फरक का पडतो ते लिहा.

३. १०० मिलिलिटर द्रावणात २० ग्रॅम साखर आहे आणि नळी २० सेंटिमीटर लांब आहे. वलन किती होईल? (उत्तर: २६.६ अंश.)