घरातील वडीलधाऱ्यांची औषधे: एकच यादी, मराठीत



आपल्या शेवगाव परिसरात पुष्कळ घरी असे चित्र दिसते. मुलगा पुण्याला नोकरीला, नाहीतर मुलगा-सून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली. घरी आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. खुंटीला एक पिशवी आणि तिच्यात रक्तदाबाच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या, झोपेच्या अशा सगळ्या गोळ्या. पाकिटावरचे नाव इंग्रजीत, म्हणून ओळख रंगावरून: सकाळी पिवळी, रात्री पांढरी. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली की रंग बदलतो आणि ओळख चुकते. आजच्या पाठात आम्ही या पिशवीचाच विचार करणार आहोत.

1. एक औषध, दोन नावे

गोळी घ्यायची विसरली, ही काळजी आपण सगळेच करतो. पण तीच गोळी दोनदा पोटात जाणे हा त्याहून मोठा धोका आहे. प्रत्येक पाकिटावर दोन नावे असतात: कंपनीने ठेवलेले नाव आणि मूळ औषधाचे नाव. समजा, आजोबांना शेवगावात रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू आहे. पुढे ते अहिल्यानगरला दवाखान्यात भरती झाले. घरी सोडताना नवी चिठ्ठी मिळाली आणि तिच्यात दुसऱ्या कंपनीची ॲम्लोडिपिन आहे. नावे निराळी म्हणून घरी जुनी गोळीही चालू आणि नवीही चालू. रक्तदाब फार उतरतो, रात्री उठताना चक्कर येते, माणूस पडतो आणि खुबा मोडतो.

साखरेच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचे असे झाले, तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, खूप भूक, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यावी आणि नंतर जेवायला घालावे. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे, कारण या गोळीने साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. 108 नंबरला फोन करावा.

2. यादी कशी करावी

वहीचे एक पान घ्या. प्रत्येक औषधापुढे मराठीत लिहा: मूळ नाव, कशासाठी, किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, कोणत्या डॉक्टरांनी दिले. डोळ्यांचे थेंब, इंजेक्शन, काढे, चूर्ण आणि दुकानातून आपणच आणलेली दुखण्याची गोळीही लिहा. ही शेवटची गोळी साधी वाटते. पण ती रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

ही यादी आणि पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, “यातली कोणती दोनदा येते? कोणती आता बंद करता येईल?” जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांपासून होणारी इजा टाळण्याची जगभर मोहीम सुरू केली. औषध सुरू करताना, घेताना, नवे जोडताना, फेरतपासणीच्या वेळी आणि थांबवताना, अशा पाच वेळी रुग्णाने प्रश्न विचारावेत, असे ती सांगते. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

3. दोन ठिकाणी विशेष जपावे

संधिवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच असते. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतते. डॉक्टरांनी सांगितलेला वार यादीत मोठ्या अक्षरांत लिहा.

इन्शुलिनची बाटली आपल्याकडे 40 युनिटची असते आणि 100 युनिटचीही. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. 100 चे औषध 40 च्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरले तर अडीचपट औषध अंगात जाते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात पिशवीत घट्ट बांधून मातीच्या मडक्यात, गार जागी ठेवावी.

4. मिस्सा आणि उपवास

काही वडील माणसे रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा म्हणून सकाळची गोळी टाळतात. त्याची गरज नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासात पाणी किंवा औषध घेतल्याने उपवास मोडत नाही. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या कायद्यातील कलम 919 तसे सांगते. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांनी त्या तासात काही खाल्ले असले तरी त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येतो. तसेच राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला साठावे वर्ष लागलेल्यांवर उपवासाचे बंधन नाही (कलम 1252). मांस वर्ज्य करण्याचा नियम निराळा. तो त्यांना पाळता येतो. साखरेची गोळी घेऊन उपाशी राहणे मात्र धोक्याचे आहे.

5. मदत करावी, मान राखून

“तुम्हाला काही कळत नाही” असे म्हणून पिशवी हिसकावून घेतली की म्हातारे माणूस गोळ्या लपवू लागते, नाहीतर घेणेच सोडते. गोळी त्यांच्याच हातात असू द्या. हिशेब आपण ठेवावा. सकाळच्या पुडीवर सूर्य, रात्रीच्या पुडीवर चंद्र काढून द्यावा. नातवंडाने नाव वाचून दाखवावे. दूर असलेल्या मुलाने रोज ठरल्या वेळी फोन करून “गोळी घेतली का?” एवढे न विचारता “आज कोणत्या घेतल्या?” असे विचारावे. घरी लहान मूल असेल तर औषधे उंचावर, बंद डब्यात ठेवावीत. आजोबांची एक गोळीही त्याला घातक ठरू शकते.

घरी करावयाचा अभ्यास

१. आज जेवणानंतर घरातील सर्व औषधे एका ताटात काढा. मुदत संपलेली आणि कशाची ते न कळणारी वेगळी ठेवून डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला दाखवा.
२. यादीच्या दोन प्रती करा. एक घरी भिंतीवर लावा, दुसरी आजी-आजोबांच्या पिशवीत ठेवा.
३. आपल्या गल्लीत एकटे राहणारे कोण आहे? त्यांची यादी कोण लिहून देईल, ते आजच ठरवा. ज्येष्ठांसाठी 14567 हा मोफत मदत क्रमांकही तिच्यावर लिहा.