याद्या ठेव बाजूला

अगं, ऑफर लेटर आल्यापासून तू मला दुबईतल्या शाळांच्या नुसत्या याद्या पाठवते आहेस. त्या ठेव बाजूला. आधी सांग, किती वर्षांसाठी येताय? दोघं नीट बसून बोललात का यावर? ब्रिटिश शाळा चांगली की वाईट हे नंतर बघू. तिथून पुढे पोरगी कुठे जाणार, ते आधी ठरायला हवं.

तुझी लेक तिकडे पहिलीत आहे ना, म्हणजे इथे इयर टू. आपल्या इयत्तेत एक मिळवायचा. वर्ष ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं आणि जुलैच्या सुरुवातीला संपतं. पुण्याला परतायचं असेल तर इयर नाइन, म्हणजे तिकडची आठवी, संपवून परता. तेव्हाही सीबीएसईची नववी एप्रिलपासून सुरू झालेली असते, बुडालेला अभ्यास भरून काढावा लागतो; पण जमतं. इयर टेन आणि इलेव्हन हा जीसीएसई परीक्षेचा सलग दोन वर्षांचा अभ्यास. त्यातून मध्येच उठवलंत तर पोर ना इथली, ना तिथली. सीबीएसईच्या दहावीत थेट प्रवेशही सहजी मिळत नाही. बदलीची तारीख नवऱ्याच्या कंपनीच्या हातात, हे मला कळतं गं. म्हणूनच आत्ता विचारतेय.

ए लेव्हलपर्यंत, म्हणजे आपल्या बारावीपर्यंत, राहिलात तर विषय जपून घ्या. मुलं बहुधा तीनच विषय घेतात. भारतात इंजिनिअरिंगला जायचं असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवंच, वर समकक्षतेचं प्रमाणपत्र काढावं लागतं.

शाळांच्या श्रेणी केएचडीए ही दुबईची शिक्षण नियामक संस्था देते. ‘आउटस्टँडिंग’ वाचून भुलू नकोस, अहवाल कोणत्या वर्षाचा ते बघ. 2024-25 मध्ये सरसकट तपासण्या झाल्याच नाहीत. शाळा बघायला जाशील तेव्हा स्वीमिंग पूल दाखवतील, तो बघ, छान असतो! पण गेल्या वर्षी किती शिक्षक सोडून गेले, हेही विचार. बरेच शिक्षक ब्रिटनमधून दोन वर्षांच्या करारावर येतात आणि मुलीचा जीव जडला की निघून जातात. मैत्रिणींचंही तेच. अरबीची मात्र धास्ती घेऊ नकोस. ती सक्तीची असली तरी या वयात मुलं गाण्यांवरच शिकतात.

आता डब्याचं. पुष्कळ शाळांत दाण्यांना बंदी असते, कुणाला ॲलर्जी असेल म्हणून. म्हणजे साबुदाण्याची खिचडी बाद, दाण्याची चटणी बाद, कूट घातलेली कोशिंबीरही बाद. वर्गातल्या बाई डबा उघडून बघतात आणि हसत हसत तसाच घरी पाठवतात, पोरगी उपाशी. खोबरंही विचारूनच घाल, काही शाळा तेही चालवून घेत नाहीत. थालीपीठ, मेथीचे पराठे बिनघोर दे. गूळपोळीत तीळ असतात, ती मात्र आधी विचारून दे.

पैशांचं राहिलंच. नावाजलेल्या शाळांची वरच्या वर्गांची फी वर्षाला लाख दिरहमच्या घरात जाते. बस आणि गणवेश वेगळे. कंपनीचा शिक्षणभत्ता दर मुलामागे आहे की घरामागे, आणि धाकट्याच्या नर्सरीला लागू आहे का, हे लेखी घ्या. ऑफर लेटरमधलं ते पान मला आज पाठव, रात्री यांना दाखवते.